दिवसाला तीन लीटर पाणी

६ जानेवारी, सोमवार

आजपासून डायरी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहायचा प्रश्नच नाही.

नोकरी लागली. सुहास्य फाउंडेशन, फील्ड असोसिएट. फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्रायल, मग पर्मनंट. इंजिनीअरिंग सेकंड इयरला सोडलं तेव्हा आमची लालबागची अख्खी चाळ दात काढत होती. आता काढा.

आईने विचारलं, काम काय? म्हटलं, प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना खूश करायचं. तर म्हणाली, "तुज्या बाईंका कधी खूश केलंस नाय, आता ह्येंका करतलंस?" ह्या घरात मोटिव्हेशन नावाची चीजच नाही.

योजनेचं नाव 'आनंदी शिक्षक'. बक्षिसं द्यायची, चॅलेंज द्यायची, शिक्षकांचं नोकरीतलं जगणं सुधारायचं. रोज आनंदाचा स्कोर मोजायचा. आमच्या मेघना मॅडम म्हणाल्या, पाचपैकी चारच्या वर गेलास तर तू पर्मनंट. स्कोर खालीच राहिला तर फेज टू, म्हणजे शाळेला विचारायचं काय दुरुस्त करून हवंय आणि फाउंडेशन पैसे देणार. फेज टू म्हणजे सुशांत परब नापास. तेव्हा फेज टू होणार नाही. लिहून ठेवतो.

शाळा नायगावची मीच मागून घेतली. घरापासून जवळ पडते.

ठीक आहे, डायरीत तरी खरं लिहू. तिथे दीपिका दुसरीला शिकवते. गेल्या वर्षी भाचीला सोडायला गेलो तेव्हा गेटवर उभी होती. मला म्हणाली, "बाइक गेटसमोर लावू नका." तेव्हापासून.

८ जानेवारी, बुधवार

शाळेत पहिला दिवस. पाच बायका, एक शिपाई. मोठ्या बाई म्हणजे तांडेल बाई, वरळी कोळीवाड्याच्या. आवाज असा की मुलं तिसऱ्या मजल्यावरून ओळीत उतरतात. पहिलीच्या सीमाबाई चष्म्यावरून बघतात, जसा मी गृहपाठ विसरलोय.

मी भाषण केलं. शेवटी विचारलं, तुमचं कामाचं आयुष्य सुधारायला काय हवं? मोठा विचार करा म्हटलं.

दीपिका उठली. (अबोली रंगाची ओढणी.) म्हणाली, "टॉयलेटच्या दाराला कडी."

मी हसलो. कुणी हसलं नाही.

मग तिने समजावलं. दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय, आतून कडी टिकत नाही. शाळा चालवणारी संस्था म्हणते इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, आता खिळासुद्धा मारायचा नाही. हे गेली चार वर्षं म्हणतेय. म्हणून एक बाई आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं. तेवढा वेळ दोन वर्ग बोंबलत.

बोलते सुंदर. पण विचारांची झेप बघा. मी करिअर ग्रोथ घेऊन आलोय आणि ह्यांचं कडी.

जाताना स्टोअररूममध्ये टेबल बघायला गेलो तर बाहेरून कडी लागली. शिपाई कुशाबा. बोंबललो तेव्हा उघडलं. म्हणे, "उघडी कडी दिसली का हात जातोच माझा. मांजरं शिरतात." सॉरी नाही, काही नाही. ह्या माणसाला रिटायर करा असं रिपोर्टमध्ये लिहिणार.

१० जानेवारी, शुक्रवार

मशीन लावलं. स्टाफरूमच्या दाराशी, तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा मधला, लाल रडका. घरी जाताना प्रत्येकीने एक दाबायचं.

पाच लाल.

सीमाबाईंनी पर्सच्या कोपऱ्याने दाबलं. बोट लावायची इच्छा नाही. तांडेल बाई म्हणाल्या, "काय रे, हे बटण दाबलं का कुणी येतं का? लिफ्टसारखं?" सगळ्या हसल्या. दीपिकासुद्धा. ती माझ्या बाजूने हसली असावी.

१५ जानेवारी, बुधवार

मास्टरस्ट्रोक.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं स्टाफरूममध्ये. मी प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची बाटली दिली. फाउंडेशनचा लोगो, खाली नाव. मग जाहीर केलं: हायड्रेशन चॅलेंज. दिवसाला तीन लीटर पाणी. बाटली एक लीटरची, म्हणजे तीनदा भरायची. संपवणारीला पॉइंट, उरवणारीचा पॉइंट कट. जिंकणारी 'स्टार ऑफ द वीक'.

कुणी टाळी वाजवली नाही. सीमाबाईंनी बाटली अशी धरली जशी मी मेलेला उंदीर दिलाय.

दीपिकाने तिळगूळ दिला. गोड बोला वगैरे म्हणाली नाही. नुसता हातावर ठेवला. शब्दांची गरज नसते काही वेळा.

२० जानेवारी, सोमवार

संताप, संताप, संताप.

संध्याकाळी पाच बाटल्या तपासल्या. चार गळ्यापर्यंत भरलेल्या. सकाळी जशा तशाच! एकीने कुंडीतल्या तुळशीला घातलं होतं, तेवढीच काय ती हायड्रेट झाली. सगळ्यांचे पॉइंट कापले.

फुकट दिलं तर ह्यांना किंमत नाही. तीन लीटर पाणी पिणं म्हणजे काय पहाड खोदणं आहे? साध्या आळशी बायका.

दीपिका म्हणाली, "आम्ही पाणी का पीत नाही ते विचारलंत का तुम्ही?" तिचे डोळे रागात आणखी मोठे होतात. मी म्हटलं, कारणं सांगणारे कधीच जिंकत नाहीत. चांगलं वाक्य होतं. ती पाठ फिरवून गेली, म्हणजे विचार करायला गेली.

घरी आईची भुणभुण. मजल्यावरच्या संडासाचं दार बघ, अमुक बघ, तमुक बघ. म्हटलं, आई, मी फील्डवर असतो.

२२ जानेवारी, बुधवार, संध्याकाळी

स्कोर एक पॉइंट एक. मेघना मॅडमचा मेसेज आला: 'सुशांत, फेज टूची तयारी करायची का?' पुढे प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हात अख्खं माझं सेकंड इयर होतं.

मी विचार केला. आनंद ह्यांच्या आत आहे. फक्त दाखवायची सवय नाही. प्राथमिक शिक्षकांना तीस वर्षं कुणी विचारलंच नाही, तर हात आपोआप लाल बटणाकडेच जाणार. तो हात हिरव्याकडे नेणं हेच तर माझं काम.

सगळ्या गेल्यावर हिरवं दाबलं. भरपूर वेळा. मशीनला बोट कुणाचं ते कळत नाही.

ही फसवणूक नाही. हे अॅडव्हान्स आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

स्कोर चार पॉइंट सहा! मॅडमने व्हॉट्सअॅपवर बोलणारा पोपट पाठवला, टाळ्या वाजवणारा.

स्टार ऑफ द वीक जाहीर: दीपिका. पूर्णपणे डेटावरून. पाण्याचे पॉइंट सगळ्यांचेच शून्य, तेव्हा टाय झाला, तेव्हा फील्ड असोसिएटचा निर्णय अंतिम.

नुसतं सर्टिफिकेट देणं मला पटेना. नायगावच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. पोराचं बारसं असलं तरी लोक लावतात, मग गुणी शिक्षिकेचा का नको? वर तिचा फोटो (शाळेच्या गॅदरिंगमधला कापून), मोठ्या अक्षरात 'आदर्श शिक्षिका, नायगावची शान'. खाली शुभेच्छुक म्हणून माझा. गॉगलवाला. शुभेच्छुक एकटाच असल्यामुळे फोटो जरा मोठा आला, ती प्रिंटरची चूक.

आज ती घरी जाताना बघणार. झोप येणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

जगात कृतज्ञता उरलेली नाही.

एक: दीपिकाचे वडील पोलीस आहेत. क्वार्टर्समध्ये राहतात. हे मला कुणी सांगायला नको होतं? फ्लेक्सवर माझा मोबाइल नंबर होताच. फोन आला. "शुभेच्छुक कोण आपण?" मी म्हटलं, मीच. "कसल्या शुभेच्छा? लग्न ठरलंय का निवडणुकीला उभी आहे पोरगी? अख्खं क्वार्टर पेढे मागतंय." मी 'आनंदी शिक्षक' योजनेची माहिती द्यायला लागलो. ते म्हणाले, "तासाभरात उतरव, नाहीतर तुला उतरवतो." सरकारी माणसाने अशी भाषा वापरावी?

दोन: ह्या शाळेत मधल्या सुट्टीत पाची डबे एकत्र उघडतात. मध्ये वर्तमानपत्र, सगळ्यांचं सगळ्यांत. तांडेल बाईंचा जवळा, सीमाबाईंची बिरड्याची उसळ, दीपिकाची मेथी. आज चारच डबे. सीमाबाई म्हणाल्या, "स्टार बाईंना कसं गं आमचं जेवण चालेल? त्यांचं वेगळं हॉटेलातून येत असेल." दीपिका दुसरीच्या वर्गात एकटी बसली होती, मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर करून. डबा न उघडताच ठेवून दिला.

आत जाऊन सांगितलं, लोक जळतात, लक्ष देऊ नका. ती म्हणाली, "सुशांत, सहा वर्षं मी ह्यांच्यात बसून जेवतेय. मला दार धरायला ह्याच उभ्या राहतात. आज कुणी उठलं नाही." मग म्हणाली, "माझं नाव काढा तुमच्या योजनेतून."

हे तिचं मन बोलत नाही. प्रेशर आहे तिच्यावर.

३१ जानेवारी, शुक्रवार

दीपिका आली नाही. कालही नव्हती.

समजलं. माझ्यासमोर यायला अवघडत असणार. फ्लेक्समुळे मनात खळबळ झालीय, वडिलांचा विरोध आहे, ती कोंडमाऱ्यात आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तिला मोठा मेसेज लिहिला. 'वेळ घे, मी आहे.' पाठवला. दोन निळ्या टिक्स. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे नकार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सीमाबाईंना मोठ्या मनाने विचारलं, दीपिकाबाई मानसिकदृष्ट्या कशा आहेत?

त्या चष्मा काढून बघायला लागल्या. मग अख्ख्या स्टाफरूमसमोर म्हणाल्या, "मानसिक कुठलं घेऊन बसलायस? लघवीचं इन्फेक्शन झालंय तिला. ताप उतरत नाहीये. तहान लागली तरी प्यायचं नाही, लागली तरी जायचं नाही, सकाळपासून सुटेपर्यंत. त्यात चार दिवस दार धरायला कुणी नाही. आमचीच अक्कल गेली होती, तिच्यावर राग काढत बसलो. मला स्वतःला दोनदा होऊन गेलंय. आणि तू आम्हाला बाटल्या वाटतोस?"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. तांडेल बाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं तिने. तू हसलास."

खालच्या पातळीवर उतरतात ह्या बायका. वाद घातला नाही. बाहेर येऊन उभा राहिलो. समोर ते दार. फुगलेलं, खालून कुजलेलं. कडीच्या जागी चार भोकं.

दुपारी मेघना मॅडमचा फोन. स्कोर चार पॉइंट आठ, सगळ्या शाळांत पहिला. अभिनंदन! ही शाळा आनंदी आहे, सबब इथे फेज टूची गरज नाही. दुरुस्तीचा पैसा परळच्या एका दुःखी शाळेला वळवला. पुढच्या सोमवारी देणगीदारांना घेऊन येते, आनंद बघायला.

मी 'थँक यू मॅडम' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नियम मी केले नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

दीपिका आली. गालफडं बसलीत. तिच्या टेबलावर सीमाबाईंनी मऊ भाताचा डबा ठेवला होता.

मग तांडेल बाईंनी फेज टूचं सांगितलं. म्हणाल्या, "आपली शाळा आनंदी निघाली गो."

दीपिका ओरडली नाही. ती वळली आणि तिने माझ्याकडे नीट, पूर्ण, थांबून बघितलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हे बघणं.

म्हणाली, "आम्ही रोज लाल दाबलं. हिरवं कोण दाबत होतं?"

मी म्हटलं, सिस्टिम अॅव्हरेज काढते.

"दुसरीतली पोरं ह्याहून बरं खोटं बोलतात," म्हणाली आणि वर्गावर गेली.

घरी आईने विचारलं जेवतोस का. तिच्यावर ओरडलो. आई म्हणाली, "माज्यार कित्याक आराडतंस? ज्येच्यार राग आसा थंय जा." कुणावर आहे तेच ठरत नाहीये. संस्थेवर आहे. मॅडमवर आहे. वाळवीवर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. कुणाची परवानगी नको, फेज टू नको. कडी मी बसवणार. स्वतःच्या हाताने.

लालबागच्या हार्डवेअरवाल्याकडून पितळी कडी घेतली, चांगली जाड. वडिलांचं ड्रिल घेतलं. शनिवारची अर्धी शाळा सुटली, सगळे गेले, मी थांबलो.

चौकट तपासली. आतून बोट दाबलं तर बोट आत. वाळवीने पुठ्ठा केलाय. बाहेरून मात्र भिंत जुन्या काळची, पक्की. शिवाय लेडीज टॉयलेटमध्ये आत उभं राहून काम करणं माझ्या संस्कारात बसत नाही. इंजिनीअर असाच विचार करतो: जिथे मजबुती तिथे जोड. बाहेरून बसवली. हत्ती धडकला तरी निघणार नाही.

ज्या इंजिनीअरिंगला चाळ हसली ते आज उपयोगी पडलं. सोमवारी दीपिका बघेल. काही बोलणार नाही मी. नुसता उभा राहीन.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिहायला नको वाटतं. पण खोटं लिहायचं नाही हे पहिल्याच पानावर लिहिलंय.

मेघना मॅडम आल्या, बरोबर तीन देणगीदार. हार, नारळ, रांगोळी. मैदानात दुसरीची मुलं लेझीम घेऊन उभी, पुढे दीपिका.

मॅडमने टॉयलेट विचारलं. दीपिका लांबून म्हणाली, "मॅडम थांबा, दार धरायला येते." मी छाती काढून म्हटलं, गरज नाही, कडी आहे. मी स्वतः बसवलीय. दीपिकाने माझ्याकडे बघितलं. त्या एका क्षणासाठी सगळं केलं होतं.

मॅडमने पर्स आणि फोन माझ्याकडे दिला आणि गेल्या. लेझीम सुरू झाली.

कुशाबा राउंडला निघाला. त्याने उघडी कडी बघितली.

लेझीम, त्यात ढोल, वर तांडेल बाईंचा आवाज. दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. देणगीदार विचारायला लागले, मॅडम कुठे? मी म्हटलं, अर्जंट कॉलवर आहेत. मॅडमचा फोन माझ्याच हातात होता. वेळ भरून काढायला मी माइक घेतला आणि शिक्षकांच्या आनंदावर बोललो. पहिल्यांदाच चांगलं बोलत होतो. 'आमच्या शिक्षिकांना आज कोणतीही अडचण उरलेली नाही' इथपर्यंत आलो होतो.

तेवढ्यात लेझीम संपली आणि दुसरीतली एक पोरगी खणखणीत म्हणाली, "बाई, बाथरूम ओरडतंय."

दीपिका धावली. तिनेच कडी काढली.

मॅडम बाहेर आल्या. केस चिकटलेले, चेहरा लाल, मशीनवरच्या बटणासारखा. त्यांनी दाराची आतली बाजू बघितली, ती चार भोकं. मग बाहेरची माझी कडी बघितली, चकचकीत. तांडेल बाईंना विचारलं, "इथे रोज असंच असतं?"

"रोज नाय हो मॅडम," तांडेल बाई म्हणाल्या. "रोज कडीच नसते. आज सुशांतने खास सोय केली."

सीमाबाई हसायला लागल्या. मग दीपिका. ओढणी तोंडावर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

कुशाबा म्हणाला, "मांजर असेल वाटलं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेघना मॅडमचा फोन. उद्यापासून येऊ नकोस. मशीनची माहिती काढली, रोज शाळा सुटल्यावर एकाच मिनिटात चाळीस-चाळीस आनंद. "माणसं असं खूश होत नाहीत रे," म्हणाल्या.

परळच्या शाळेचं ठरलेलं तिथे होईलच. पण नायगावच्या दाराचे पैसे मॅडम स्वतः देणार. चौकटीसकट.

म्हणजे शेवटी दार कुणामुळे आलं? हिशेब करा. माझ्यामुळे. कुणी म्हणणार नाही ते सोडा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आयकार्ड आणि मशीन फाउंडेशनला परत करायचंय, म्हणून मशीन काढायला शाळेत गेलो. दीपिकाशी शेवटचं, स्पष्ट, समोरासमोर बोलायचं ठरवलं होतं. शर्ट इस्त्रीचा.

नवीन दार. लोखंडी चौकट, आतून स्टॉपर. स्टाफरूमच्या खिडकीत माझ्या पाच बाटल्या धुऊन उलट्या घातलेल्या, रिकाम्या. मधली सुट्टी. वर्तमानपत्रावर पाच डबे. दीपिकाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने माझ्यासमोर वरून तोंडात ओतला, घटाघटा, अर्ध्याच्या वर. मी उभा होतो. तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "पाणी देऊ?"

मी म्हटलं, दीपिका, मला बोलायचंय.

ती म्हणाली, "बोला ना. पण त्याआधी एक काम करा. बाहेरची ती तुमची कडी अजून भिंतीला आहे. कुशाबामामांचा हात काय थांबायचा नाही. जाताना काढून न्या."

स्क्रू पक्के बसवले होते. काढायला बराच वेळ लागला. काढून झाली तोवर घंटा झाली आणि ती वर्गावर गेली होती. आतून पाढे ऐकू येत होते.

घरी आलो. कडी टेबलावर टाकली. आईने उचलली, उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, "बरां झाला हाडलंस ता. मजल्यावरच्या संडासाची दिवाळीपासून गेलीहा. शेजारच्या रखमाक दारार उभी करून जातंय मी."

दिवाळीपासून! मी म्हटलं, मला सांगायचं नाही का?

"सांगलंय. तू फील्डार व्हतंस."

मी ड्रिल घेऊन उठलो. जिन्यापर्यंत पोचलो असेन, मागून पूर्ण मजल्याला ऐकू जाईल अशी हाक आली.

"आतसून लाय हां, मेल्या!"